मुंडाशी भेदराचं बी

बाजारातला टमाटर मी सभेत भिंतीवर फेकून दाखवत असे. तो फुटत नाही. चेंडूसारखा खाली पडतो, घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत जातो आणि लोक हसतात. मग मी म्हणायची, हे फळ तुमच्या तोंडासाठी नाही, ट्रकसाठी बनवलं आहे. टाळी पडायची. पुढे सांगायची की आमच्या घरचं भेदर भिंतीवर फेकणं सोडाच, टोपलीत दुसऱ्या भेदराखाली ठेवलं तरी ढासळतं. आमच्या वाशीमकडे जुनी माणसं टमाटरला भेदर म्हणतात. हा शब्द आला की म्हाताऱ्या बायका मान वर करून बघायच्या.

आता मी हा खेळ करत नाही. का करत नाही, ते लिहिते आहे.

ते भेदर माझं नव्हतं, माझ्या आत्याचं होतं. फळ चपटं आणि रुंद, देठापासून खाली खोल वळ्या पडलेल्या, जणू कुणी ओलं मुंडासं गुंडाळून ठेवलंय. म्हणून ती त्याला मुंडाशी भेदर म्हणायची. रंग बाजारच्यासारखा लालभडक नाही, गुलाबीकडे झुकणारा, आणि देठाजवळ शेवटपर्यंत हिरवट. एक फळ माझ्या दोन्ही तळव्यांत मावत नसे. कापलं की पाणी सांडत नव्हतं. आत सगळा गर, आणि बी अगदी थोडं, गरात इकडेतिकडे अडकलेलं. एक चकती ज्वारीच्या भाकरीवर ठेवली की भाकर झाकायची. वर मीठ, बाजूला कांदा. हिवाळ्यात दुपारचं जेवण पुष्कळदा एवढंच असायचं आणि कुणाची तक्रार नसायची.

विकायला ते कुचकामी होतं. साल पातळ, क्रेटमध्ये भरलं तर तळाचं फुटणार, पाणी एक दिवस चुकलं की देठापासून तडकणार. म्हणूनच ते सगळीकडून गेलं. खायला चांगलं असणं हा फळाचा गुण धरायचाच नाही, असं कुणी आणि कधी ठरवलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आत्याला धनजला दिली होती. मी पाच-सहा वर्षांची असताना तिचा नवरा गेला. मूल नव्हतं. वर्षाच्या आत सासरच्यांनी सांगितलं, थोडे दिवस माहेरी राहून या. ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. शिरपूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या फाट्यावर ती एसटीतून उतरली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. बाबा घ्यायला गेले होते, मी त्यांच्या बोटाला धरून. त्यांनी विचारलं, बाकीचं सामान मागून येणार आहे का. ती म्हणाली, "बाकीचं त्यायचंच होतं, दादा."

आपलं म्हणून तिनं जे आणलं ते पेटीत होतं: जुन्या लुगड्याची एक चिंधी, आणि तिच्यावर चिकटलेलं भेदराचं बी.

घरामागच्या मोकळ्या जागेला आम्ही सांदवाडी म्हणतो. न्हाणीचं पाणी जिथून वाहत जायचं, त्या कोपऱ्यात तिनं वाफा केला. पोळ्याच्या आसपास बी टाकायची. टाकायची म्हणजे चिंधीच पेरायची. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कातरून मातीवर आडव्या ठेवायची, वरून चाळलेली माती आणि राख. कापड कुजून जायचं, रोपं ओळीनं यायची. गणपती गेले की रोपं हलवायची. उंच झाली की पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळलेल्या काड्या रोवून त्यांना बांधायची. पानं आकसून बोकड्या आला की ते झाड मुळासकट उपटून चुलीत घालायची, त्यावर हळहळायची नाही. बगलेतली फूट खुडायची ती सकाळी, ओल असताना, आणि खुडलेल्या हातांना दिवसभर तो हिरवा कडवट वास यायचा. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला की तो वास केसांत राहायचा. शाळेत शेजारची मुलगी नाक मुरडायची.

बियाचं फळ ती वेगळं राखायची. सगळ्यांत मोठं कधीच नाही. निरोगी झाडाच्या दुसऱ्या घोसातलं, जे पाणी चुकूनही तडकलं नाही, असं एखादं. त्याच्या देठाला दोरा बांधायची, मग ते घरात कुणी तोडायचं नाही. पिकून पार मऊ झालं की फोडून बी वाटीत. दोन-तीन दिवस ते आंबायचं, वर बुरशीची साय यायची, घरभर आंबूस दर्प सुटायचा. मग धुवायचं आणि जुन्या सुती चिंधीवर बोटानं एक एक पसरायचं. सावलीत वाळायचं. वाळलं की चिंधीची गुंडाळी, आत कडूनिंबाचा पाला, आणि ती गुंडाळी स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेल्या मडक्यात.

शेजारच्या चाचीचा नवरा शिंपी. चाची एकदा दुकानातले कापडाचे तुकडे घेऊन आली. "लो, एकदम नवे हैं. तुमी काहून ते फाटके वापरता?"

"नव्यात कांजीची खय असते. बी धरत नाई," आत्या म्हणाली. "घासून घासून मऊ झालेलंच लागते."

"मंग माझं आंग लावा त्याले. तेबी घासून घासून मऊ झालं."

"तुह्यं आंग त बकऱ्यायनंच खाल्लं असतं."

दोघी हसत बसल्या. चाचीनं एक वर्ष तेलाच्या डब्यात दोन रोपं लावली होती. तिच्या बकऱ्यांनी ती फुलं धरायच्या आत संपवली. तेव्हापासून ती फळ घ्यायची, बी नाही.

बी कुणाला द्यायचं, याचा आत्याचा एक नियम होता. हातात बी द्यायचं नाही. ज्या बाईला पाहिजे तिनं आपली चिंधी घेऊन यायचं, बी धुवायच्या दिवशी, आणि स्वतः बसून पसरायचं. मी लहान असताना दोन-चार बायका यायच्या. सांदवाडीत पोत्यावर बसायच्या, बोटं चिकट करून घ्यायच्या, गप्पा मारायच्या. मग नर्सरीतली तयार रोपं दारात मिळायला लागली. बायका येईनाशा झाल्या. त्यांच्या वाफ्यांत गोल, कडक, एकसारखी फळं लागू लागली. आत्या कुणाला काही म्हणाली नाही. दरवर्षी एकटीच पसरायला बसायची.

कॉलेजला मी कारंज्याला होते. तिथे देशी बियाण्यांचं काम करणाऱ्या एका गटात गेले. माझा स्वभाव आधीच तिखट, तिथे त्याला काम मिळालं. मी पत्रकं लिहायला शिकले. छोटी वाक्यं, समोरच्याला थेट प्रश्न, शेवटी मागणी. गावोगाव फिरलो, शाळांत, देवळांत, बाजाराच्या दिवशी. लोकांच्या कोठीतलं बी कुणी काढून घेतलं, हे मी पोटतिडकीनं सांगायची आणि ते खोटं नव्हतं. आजही मला ते खोटं वाटत नाही.

गटानं कारंज्याला बियाण्यांचं प्रदर्शन ठरवलं. प्रत्येकानं घरचं काही आणायचं. मी छाती काढून सांगितलं, आमच्याकडे मुंडाशी भेदर आहे, त्याच्या पुड्या वाटू. घरी आले. आत्या दुपारचं पाणी देत होती.

"आत्या, बी पाहिजे. पुड्या करायच्या आहेत."

"कोनाले?"

"लोकांना. जो येईल त्याला."

"जो येईन त्याले सांग, चिंधी घेऊन ये म्हना. माघात बी धुतो मी, तवा यावं."

"अगं, कोण येणार आहे चिंधी घेऊन? लोक मंगरूळपीरहून, मालेगावहून येणार. त्यांना पुडी द्यायची, वर नाव लिहायचं, घरी जाऊन लावतील."

"कागदात देल्लं त कागदातच राह्यते ते," ती म्हणाली. "फय कोनतं ठेवाव, कवा तोडाव, हे पुडीवर लिवतं का तू?"

"लिहू ना."

"अन् वाचन कोन?"

मी चिडले. तिला म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. तिला म्हटलं, तुझ्या पश्चात काय करणार हे बी, कवटाळून नेणार का. ती पाण्याची बादली दुसऱ्या आळ्यात ओतत म्हणाली, "माह्या पश्चात तू हाये ना."

हे वाक्य तेव्हा मी ऐकलंच नाही, असं म्हटलं तरी चालेल. मला त्यात नकार तेवढा ऐकू आला.

प्रदर्शनात माझं टेबल अर्धं रिकामं राहिलं. त्या रागात मी पुढचं पत्रक लिहिलं. त्यात एक परिच्छेद होता. तो मला पाठ आहे: "बी विकणारे हात आपण ओळखतो. पण बी लपवणारे हात आपल्याच घरात असतात. बियाण्याला सोवळ्यात ठेवणारी माणसं आणि बियाण्याला पेटंटात ठेवणारी माणसं, यांच्यात फरक काय?" गटातल्या मुलांना फार आवडला. एकानं तो मोठ्या अक्षरात घेतला.

पत्रकांचा गठ्ठा मी घरी आणला होता. दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी एक उचललं आणि कौतुकानं मोठ्यानं वाचायला लागले. त्यांना लेकीचं छापलेलं वाचायला आवडायचं. अर्थ लागेपर्यंत ते त्या परिच्छेदाच्या शेवटाशी पोचले होते. आई ताटं उचलत होती, ती थांबली. आत्या उंबरठ्यावर सुपारी कातरत बसली होती.

"हे माह्यावर हाये काय वं?" तिनं विचारलं.

सावरायची संधी होती. मी म्हणाले, "ज्याला लागू पडतं त्याच्यावर आहे."

"बरं लिवलं हाये," आत्या म्हणाली. रागात नाही. अडकित्ता डब्यात ठेवला, पदर खोचला आणि सांदवाडीत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची. जेवलीस का, किती वाजता येशील, चप्पल तुटली ती शिवून घे. एवढंच झालं की भेदराबद्दल ती माझ्यासमोर बोलेना. फळं यायची, ताटात यायची, चवीला तशीच. कुठल्या देठाला दोरा बांधला, बी कधी धुतलं, मला कळायचं नाही. मी घरी असायचेही कमी. मला वाटलं, विषय मिटला.

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तिच्या पोटात दुखायला लागलं. अकोल्याला नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी बाबांना बाजूला बोलावून घरीच ठेवा असं सांगितलं. चैत्रात तिची खाट सांदवाडीत लिंबाच्या सावलीला टाकली होती. झाडं तोवर वाळून गेली होती, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मी शेजारी बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरला सभा होती.

"माह्यावाली पेटी तू पायजो वं," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले हात नोको लावू देजो."

"मला काही नको तुझं, आत्या."

"काही नाईच हाये तिच्यात."

"मग?"

"मंग काय. पायजो म्हंटलं."

"बरं," मी म्हणाले आणि घडी घालत राहिले.

एक शब्द जास्त बोलली असती तर. पण तो शब्द तिनं माझ्यासमोर दोन वर्षं उच्चारला नव्हता, आणि तो मीच तिच्या तोंडातून काढून घेतला होता. मला वाटलं, पेटीत तिचं मंगळसूत्र असेल, किंवा तिच्या नवऱ्याचा फोटो. म्हाताऱ्या माणसांचं असतं तसलं काहीतरी.

वैशाखात ती गेली. तेरवीच्या पंगतीसाठी बाबांनी सांदवाडीत मुरूम टाकून जागा सारखी करून घेतली. कोपऱ्यातला वाफाही त्याखाली गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

तिच्या कपड्यांवरून नातेवाइकांत बोलणं निघालं. एक काका म्हणाले, नदीत सोडा, तशीच रीत आहे. मी उसळले. नदीत चिंध्या सोडायच्या आणि मग नदी घाण झाली म्हणून रडायचं, ही कसली रीत. चांगली लुगडी वीटभट्टीवरच्या बायकांना देऊ, बाकीचं मी बघते. कुणी वाद घातला नाही. मला घरात सगळे थोडे टरकूनच असतात. आणि पेटीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे मी पाळलं. एकटीनं उघडली.

वर तीन लुगडी, घडी मोडलेली नाही. दोन चोळ्या. एक शाल, माझीच दिलेली. फोटो नव्हता. मंगळसूत्र नव्हतं. तळाशी कोपऱ्यात एक गुंडाळी, जुन्या कापडाची, वरून दोऱ्यानं बांधलेली. कडेला बाहेर आलेलं कापड कडक, खरबरीत, त्यावर तपकिरी पिवळे डाग. डाग धुवूनही न निघालेले.

आमच्याकडे बाईच्या पेटीच्या तळाशी डागाळलेल्या चिंध्यांची गुंडाळी सापडली, तर ती कसली असं कुणी विचारत नाही. पाळीच्या चिंध्या. ज्या वाळतही घालायच्या त्या दुसऱ्या कपड्याखाली. बाई गेली की दुसऱ्या बाईनं त्या न उघडता, पुरुषांच्या नजरेआड, जाळून टाकायच्या. हे मला कुणी शिकवलं नाही आणि तरी मला माहीत होतं. मी या लाजेच्या विरोधात पत्रक लिहिलेलं आहे. शाळेत मुलींसमोर उभी राहून बोललेली आहे, यात लपवण्यासारखं काय आहे म्हणून. आणि माझ्या स्वतःच्या हातानं ती गुंडाळी उलगडून पाहिली नाही. पदराखाली धरली, न्हाणीत गेले आणि पाण्याच्या चुलीत घातली.

आत्या साठीच्या पुढे गेलेली होती. तिला असल्या चिंध्या लागायच्या बंद होऊन किती वर्षं झाली असतील. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मला फक्त ती गुंडाळी लवकर नाहीशी करायची होती. आत कडूनिंबाचा पाला होता, कपड्यांत घालतात तसा, त्याचा कडवट धूर आला. आणि तडतड झाली, बारीक, मोहरीसारखी. मला वाटलं पालाच तडतडतोय. म्हणून मी तिथे थांबलेसुद्धा नाही.

पुढे पावसाळा आला. कामं होती, सभा होत्या. आत्या गेल्याचं दुःख मला उशिरा कळायला लागलं, आणि कळलं ते असं की या वर्षी भेदर मी लावायचं. दोन हिवाळ्यांपूर्वी बोलले ते चुकलं होतं, हे मला तोवर कबूल झालं होतं. तिला सांगायचं राहिलं, तर निदान बी तरी राखू, असं मनाशी धरलं. फावडं घेऊन मुरूम बाजूला केला, खालची माती मोकळी केली, शेण घातलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात पाटावर उभी राहिले आणि खुंटीवरचं मडकं खाली घेतलं. हात घातला. मडकं रिकामं होतं. तळाला जुन्या पाल्याचा चुरा.

"आई, भेदराची चिंधी कुठे आहे?"

आई पुरणाची डाळ शिजवत होती. "तिथी कुठी," ती पाठमोरीच म्हणाली. "ते त पेटीत ठेवे ना ती. तू ते कागद लिवलं, तवापासून."

मी पाटावरच उभी होते.

"काहून ठेवे म्हणून मीनं विचारलं होतं एकडाव," आई पुढे म्हणाली. "त म्हने, वर टांगलेलं दिसलं की पोरीले राग येते." मग ती वळली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. "पेटी तूनंच आवरली ना?"

मी तिला सांगितलं. तिनं कालथा डाळीत तसाच धरून ठेवला होता. डाळ खाली लागायला लागली, तेव्हा तिनं पातेलं उतरवलं. संध्याकाळी मी पाहिलं, ती न्हाणीतल्या चुलीची राख सुपात काढून बोटांनी चाळत होती. त्या चुलीत मधल्या चार महिन्यांत रोज जाळ झाला होता. ते तिलाही माहीत होतं.

मी आत्याला लपवणारी म्हटलं. मग ती खरंच लपवायला लागली. आणि लपवलेलं मला ओळखू आलं नाही. यात कुठलीही कंपनी नाही, कुठलंही सरकारी धोरण नाही. मी शोधून पाहिलं.

गावात ज्या बायका पूर्वी चिंधी घेऊन यायच्या, त्या सगळ्यांकडे गेले. एक वारली होती. बाकीच्यांनी आठवण काढली. "लय गोड होतं वं ते," एवढंच. चाचीनं माझा हात धरून ठेवला. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं.

मग धनज राहिलं. सासरच्यांशी आमचं जाणं-येणं तुटल्यासारखंच. तेरवीला त्यांच्याकडून एक पुतण्या येऊन गेला होता. पण आत्याची मोठी जाऊ तिथे आहे, तिनं कदाचित लावलं असेल, या एका आशेवर मी कारंज्याला गेले आणि तिथून दुसरी एसटी धरली.

जाऊ ओसरीत बसून सुपात तूर निवडत होती. म्हातारी झालेली, गुडघ्यांवर पट्टे बांधलेले. मी कुणाची कोण ते सांगितलं. तिनं मला जवळ बसवून चेहरा नीट पाहिला.

"माह्यानं येनं झालं नाई तेरवीले. गुडगे धरले हायेत," ती म्हणाली. "तिनं काही दोष ठेवला नाई ना मनात?"

"नाही. ती कुणाला काही म्हणत नव्हती."

"म्हनत नाईच ती. आमी जा म्हंटलं तवाबी नाई म्हंटलं काही." ती खडे बाजूला काढत राहिली. "जाताना भेदराची चिंधी मधातून फाडली तिनं. अर्धी मले देल्ली. म्हने, बाई, तुमी लावजा. मी लावलं तीन-चार साल. मंग पोट्ट्यायनं बांधावर तन मारायची दवाई फवारली. वारं होतं. सारी झाडं एका दिवसात करपली. बियाचं फय झाडावरच होतं."

मी विचारण्याआधीच माझं उत्तर मला मिळालं होतं. उठावंसं वाटलं, पण म्हातारीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मांगाले त्वांड नव्हतं माह्याजोय. जिले घराबाहेर काढलं तिले कोन्या तोंडानं मांगाव. आता तू आली, बरं झालं. तुह्याजोय असंन ना ते? मले बोटभर चिंधी दे. मरायच्या आधी एकडाव लावतो."

एसटीत मी धनजला काय मागायचं त्याची वाक्यं जुळवत आले होते. हे त्यात नव्हतं.

"नाही, काकू. माझ्याकडे नाही. माझ्या हातून जळलं."

"जळलं? घर जळलं काय तुमचं?"

"नाही. मीच चुलीत घातलं. तिची पेटी आवरताना. गुंडाळी होती, डाग होते, मला वाटलं…" तिचा मुलगा दारातच मोटारसायकल पुसत होता. पुढचं मला बोलता येईना. तो नसता तरी आलं असतं की नाही कोण जाणे.

म्हातारीला कळलं. तिनं मुलाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली केला. "तसल्या चिंध्या समजली काय तू?"

मी मान हलवली.

बराच वेळ तिनं तूर तशीच पुढे-मागे केली, निवडली नाही. मग म्हणाली, "पुतन्या सांगत होता, तू लय सभा घेतं म्हने. बियाच्या."

"घेते."

"काय सांगता मंग तुमी लोकायले?"

तिनं खरंच विचारलं होतं. मी सांगितलं. घरचं बी घरात राखा, विकतच्या भरवशावर राहू नका, ज्या म्हाताऱ्या बायकांना येतं त्यांच्याकडून वेळेत शिकून घ्या.

"बराबर सांगता," म्हातारी म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा होता का, हे मी शोधलं. नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिनं सुपातली अर्धी तूर माझ्यापुढे एका ताटात ओतली. "निवड," ती म्हणाली. "गाडीले टाइम हाये अजून."